दीड वर्षाच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी (स्पास्टिक डायप्लेजिया) आहे. तो चालेल का? घरचे म्हणतात व्हीलचेअर नको, सवय लागेल. खरं आहे का?

तुमचा दुसरा प्रश्न वाचला आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. सवय लागत नाही. "खुर्ची दिली की पोर पायच टाकणार नाही" हे मी कित्येक वर्षं ऐकलंय आणि ते साफ चुकीचं आहे.

माझी लेक 31व्या आठवड्यात झाली, वजन 1400 ग्रॅम. तिलाही सेरेब्रल पाल्सी, म्हणजे लहानपणीच मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचाल अवघड होणं. तिचा प्रकार क्वाड्रिप्लेजिया, म्हणजे हातपाय चारही ताठ. ती चार वर्षांची असताना माझ्या मोठ्या दिरांनी अंगणात जीआय पाइपचे दोन बार स्वतः वेल्डिंग करून लावले. रोज संध्याकाळी तिला कमरेला धरून त्यात उभं करायचे. भाऊजींची माया खोटी नव्हती, हे मी आजही म्हणते. पण त्यांच्या लेखी पोरगी चालली तरच ती बरी. मेंदूला झालेली इजा पुढे वाढत नाही, पण मालिशने किंवा व्यायामाने पुसलीही जात नाही. व्यायाम करायचा तो स्नायू आखडू नयेत आणि आहे ती ताकद वापरता यावी म्हणून. हे त्यांना कधी पटलं नाही. खरं तर तेव्हा मलाही पुरतं पटलं नव्हतं.

लेक अकरा वर्षांची असताना पुतणीचं लग्न कराडला होतं. खुर्ची घेऊन वर्ष झालं होतं. भाऊजी म्हणाले, "ती घरीच ठेव, आम्ही सगळे आहोत उचलायला." मी ठेवली. दिवसभर लेक या काकाच्या हातातून त्या मामाच्या हातात. 26 किलोची, वयात येऊ घातलेली मुलगी. अचानक कुणी उचललं की ताठरपणा आणखी वाढतो, पायांची कात्री होते. स्टेजवर फोटोसाठी तिला काखेत धरून उभं केलं तेव्हा परकर गुडघ्याच्या वर गेला आणि तिला तो खाली ओढता येईना. रात्री मला म्हणाली, "आई, मला कुणी विचारतच नाही, उचलू का म्हणून." तिचं बोलणं अडखळत येतं, हे वाक्य पुरं व्हायला बराच वेळ लागला. मी काय उत्तर देणार?

पुढच्या वर्षी भाऊजींच्या वास्तुशांतीला मी खुर्ची घेऊन गेले. दारातच म्हणाले, "पाहुण्यांसमोर हे कशाला?" आम्ही तिथूनच मागे फिरलो. चार वर्षं बोलणं बंद होतं. आता लेक 19 वर्षांची आहे, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. बॅटरीच्या खुर्चीवरून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात एकटी जाऊन येते. जे बार तिला घराबाहेर नेऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी आम्ही तिच्या किती संध्याकाळी घालवल्या, याचा हिशेब मी अजून करते.

तुमच्या मुलाचं वेगळं आहे, हे आधीच सांगायला हवं होतं. डायप्लेजियात त्रास मुख्यतः पायांना असतो आणि अशी बहुतेक मुलं चालतात, काही वॉकर किंवा काठी घेऊन. दोन वर्षांच्या आत तो आधाराशिवाय बसू लागला तर फार चांगली खूण समजा. मी डॉक्टर नाही, नक्की काय ते तुमचे डॉक्टर सांगतील. चालणाऱ्या मुलालाही शाळेच्या लांब अंतराला खुर्ची लागू शकते, त्यात हार कसली? खुर्ची मात्र मापाची घ्या. आणि दिवसभर बसवून ठेवू नका, गुडघे-खुबे आखडतात. रोज उभं करायचंच. निरामय विम्याचं (केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची अशा मुलांसाठीची आरोग्य विमा योजना) कार्ड काढा, वर्षाला एक लाखापर्यंत खर्च मिळतो, थेरपीचाही.

आणि खुब्याचा एक्स-रे. सेरेब्रल पाल्सीच्या साधारण तीनातल्या एका मुलाचा खुबा हळूहळू जागेवरून सरकतो आणि सुरुवातीला दुखत नाही, म्हणून कळत नाही. आमच्याकडे ती चालेल की नाही यावर भांडणं चालू होती आणि आठव्या वर्षापर्यंत कुणी एक्स-रे काढलाच नाही. डावा खुबा निखळला, मोठं ऑपरेशन झालं, दीड महिना प्लास्टरमध्ये. पुढच्या भेटीत डॉक्टरांना पहिला प्रश्न खुब्याच्या एक्स-रेचाच विचारा.