बर्फात ठेवलेले रक्त आणि वाढलेले पोटॅशियम

प्रश्न : आमचे गाव कळंब तालुक्यात आहे. ६८ वर्षांची आई रक्तदाबासाठी टेल्मिसार्टनची गोळी घेते. गेल्या महिन्यात सकाळी सातला घरी येऊन तिचे रक्त घेतले आणि बर्फाच्या डब्यातून शहरातील प्रयोगशाळेत पाठवले. ते दुपारी दोननंतर तेथे पोहोचले. पोटॅशियम ५.९ आले. दुसऱ्या दिवशी रुग्णालयात ते ४.४ निघाले. साखर मात्र दोन्हीकडे जवळपास सारखीच, ९४ आणि ९६. एकाच प्रयोगशाळेचा एक आकडा बरोबर आणि एक चूक, असे कसे होईल? गोळी बंद करावी का?

उत्तर : यंत्राने बहुधा दोन्ही ठिकाणी खरेच सांगितले, पहिल्या वेळी त्याला जे रक्त मिळाले, ते मात्र सकाळचे राहिले नव्हते.

शरीरातील बहुतेक पोटॅशियम पेशींच्या आत असते. तांबड्या पेशींमध्ये त्याचे प्रमाण बाहेरच्या द्रवापेक्षा वीसपटींहून जास्त असते, आणि ते आत टिकवून धरण्यासाठी पेशीच्या आवरणातील पंपाला सतत ऊर्जा खर्च करावी लागते. थंडीत हा पंप मंदावतो आणि पोटॅशियम हळूहळू बाहेर झिरपू लागते. आपण तपासतो ते पेशींभोवतीच्या रक्तजलातील पोटॅशियम. मोठ्या माणसात ते साधारण ३.५ ते ५.१ मिलिमोल प्रति लिटर इतकेच असते, त्यामुळे थोडेसे झिरपले तरी आकडा लगेच फुगतो. पेशी फुटल्या असत्या तर रक्तजल लालसर दिसले असते आणि तंत्रज्ञाने नमुना परत केला असता. परंतु नुसत्या गारठ्याने झिरपलेले पोटॅशियम रंगावरून ओळखता येत नाही, म्हणून असा नमुना सहज पुढे सरकतो.

साखरेचे गणित याच्या नेमके उलट आहे. नळीतल्या पेशी जिवंत असतात आणि साखर खात राहतात. साध्या नळीत, खोलीच्या तापमानाला, ताशी सुमारे ५ ते ७ टक्के साखर घटते. ती थांबावी म्हणून फ्लोराइड असलेली राखाडी झाकणाची नळी वापरतात, आणि थंडीही याच बाजूने मदत करते. म्हणजे ज्या बर्फाने आपल्या आईची साखर राखली, त्यानेच पोटॅशियम बिघडवले. रक्त बर्फात ठेवले की निर्धास्त, ही समजूत आपल्याकडे फार पक्की आहे, आणि मे महिन्यात मराठवाड्याच्या रस्त्यावरून नमुना नेणाऱ्या मुलाला त्याबद्दल दोष देणेही अवघड आहे.

खरा उपाय बर्फ नसून वेळ हा आहे. रक्त गोठल्यावर ते सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून दोन तासांच्या आत पेशी वेगळ्या कराव्या लागतात. पिवळ्या झाकणाच्या जेलच्या नळीत फिरवल्यानंतर पेशी आणि रक्तजल यांच्यामध्ये जेलचा थर बसतो, आणि मग प्रवास लांबला तरी फारसे बिघडत नाही. म्हणून गावातच रक्त द्यायचे असेल तर ‘येथे फिरवण्याची सोय आहे का?’ एवढे विचारावे. तसे नसेल तर पोटॅशियमसाठी आईला रुग्णालयातच नेलेले बरे. आणखी एक, रक्त देताना मूठ पुन्हा पुन्हा आवळून सोडू नये. शीर दिसावी म्हणून आपण सगळेच ते हौसेने करतो, पण पट्टा बांधलेल्या हाताची अशी हालचालसुद्धा पोटॅशियम चांगलेच वाढवते.

गोळी मनाने बंद करू नये. टेल्मिसार्टनने काही रुग्णांत, विशेषतः मूत्रपिंडे कमजोर असल्यास, पोटॅशियम खरोखरच वाढते. म्हणूनच ही तपासणी अधूनमधून, मूत्रपिंडांचे काम दाखवणाऱ्या क्रिएटिनिनच्या तपासणीसह, करून घ्यावी लागते. खऱ्या अर्थाने वाढलेले पोटॅशियम हृदयाचे ठोके बिघडवू शकते, त्यामुळे ५.९ हा आकडा ‘नमुन्यातली चूक असेल’ म्हणून सोडून न देता दुसऱ्याच दिवशी फेरतपासणी झाली, हे योग्यच झाले. दोन्ही अहवाल जपून ठेवा आणि पुढच्या भेटीत रक्त घेतल्याची व पोहोचल्याची वेळ डॉक्टरांना आवर्जून सांगा.

प्रश्न : एकादशीच्या दिवशी उपाशीपोटीची साखर आणि चरबीची तपासणी केली तर चालेल का? (एक वाचक, हिंगोली)

उत्तर : चालेल, पण फराळाच्या आधी. आमच्या खिडकीवर ‘उपाशी आहात का?’ असे विचारले की ‘हो, एकादशी आहे’ असे उत्तर येते, आणि थोडे खोदून विचारल्यावर साबुदाण्याची खिचडी निघते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिठूळ पदार्थ. त्याची लगेच साखर होते, आणि खिचडीतले शेंगदाणे व तूप ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातील एक प्रकारची चरबी, वाढवतात. भगरीचेही तेच. साखरेसाठी किमान ८ तास आणि चरबीसाठी, डॉक्टरांनी उपाशीपोटी सांगितली असल्यास, १० ते १२ तास पोटात पाण्याशिवाय काही नसावे. पाणी मात्र अवश्य प्यावे, त्याने शीरही सहज सापडते. साखरेच्या चहाचा एक घोटसुद्धा रक्त देऊन झाल्यावरच.