ब्लॉकचा ड्रेन प्लग गळतोय? आधी पाना खाली ठेव

ड्रेन प्लग म्हणजे इंजिनच्या ब्लॉकमधलं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, काढायचं बूच. थेंब प्लगवरून पडतो म्हणजे गळती तिथलीच, असं धरू नकोस. वॉटर पंपाचं किंवा होजचं पाणी ब्लॉकवरून ओघळत खाली येऊन तिथेच लोंबतं. सगळं कोरडं पूस, इंजिन चालू करून टॉर्चने बघ.

प्लगच असेल तर इंजिन पूर्ण गार होऊ दे. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडलंस तर उकळतं पाणी तोंडावर येईल. गळती थांबेना म्हणून प्लग आवळत राहू नकोस. निमुळत्या आट्यांचा प्लग पाचरीसारखा बसतो, जोर लावला तर बीडाचा ब्लॉकही तडकतो. ॲल्युमिनियममध्ये आटे उडतात. मग दोनशे रुपयांचं काम हजारोंत जातं.

प्लग काढ, तारेच्या ब्रशने आटे घास. निमुळता असेल तर आट्यांना सीलंट लाव. सरळ आट्यांचा, खाली तांब्याचा वायसर असलेला असेल तर वायसर नवाच टाक. जुना एकदा दबलेला असतो.

निघालेलं कूलंट उघड्या भांड्यात ठेवू नकोस. ते गोडसर लागतं, कुत्री पितात आणि मरतात. नवं कूलंट भरताना त्यात मिसळायला डिस्टिल्ड वॉटर वापर, आत अडकलेली हवा काढ, दुसऱ्या दिवशी पातळी पुन्हा बघ.