फॉर्म सी भरण्याआधी

चि. डॉक्टरीणबाई,

अनेक आशीर्वाद.

‘एमटीपी, म्हणजे गर्भपात, करताना आपण एक माणूस संपवतोय का, हे मला ठरवता येत नाही. ते ठरत नाही तोवर हात कसा चालवायचा?’ असं विचारलंयस. असा प्रश्न पडतो म्हणून स्वतःला कच्ची समजू नकोस. तो ज्यांना कधीच पडला नाही असे सर्जन मी पाहिलेत. हात सफाईदार असतो त्यांचा, पण टेबलावरची बाई रडायला लागली की ते सिस्टरवर खेकसतात.

गर्भ जिवंत असतो यात वाद नाही. सहाव्या-सातव्या आठवड्यात सोनोग्राफीवर ठोके दिसतात, ते काही कुणाचं मत नव्हे. पण तिथून ‘याला तुझ्यामाझ्याइतकाच हक्क आहे’ इथवरची उडी विज्ञान मारून देत नाही. कुणी गर्भधारणेपासून माणूस मानतं, कुणी हालचाल जाणवल्यापासून, कुणी बाहेर जगू शकेल तेव्हापासून. मला विचारशील तर त्याचं मोल आठवड्यागणिक वाढत जातं. आठव्या आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यातला गर्भ माझ्या लेखी सारखे नाहीत. पण हे माझं मत झालं, त्याची किंमत पेशंटने का मोजायची?

शिवाय तू एक गोष्ट धरूनच चालली आहेस: गर्भ पूर्ण माणूस ठरला की पुढचं सगळं आपसूक ठरतं. बघ हं. सात वर्षांच्या मुलाला किडनी हवी आहे, बापाची जुळते, आणि बाप नाही म्हणतो. आपण त्याला नावं ठेवू, भावकी त्याचं तोंड बघणार नाही. पण त्याला धरून आणा आणि टेबलावर झोपवा, असं कुठलंही कोर्ट सांगणार नाही. त्या मुलाच्या माणूसपणाबद्दल तर कुणालाच शंका नाही! मग जे बापाकडून सक्तीने घेत नाही, ते बाईकडून नऊ महिने, जिवाच्या जोखमीसकट, कसं घ्यायचं? ‘बाप मरू देतो, आपण मारतो,’ असं तू म्हणशील. तो फरक मलाही पुरता खोडता आलेला नाही. पण तेवढ्यावर बाईचं शरीर दुसऱ्याच्या ताब्यात द्यावं, इतका तो मोठा वाटत नाही.

दोघांचा हक्क समान धरला की वॉर्डात काय होतं, ते आयर्लंडमध्ये दिसलं. १९८३ साली त्यांनी राज्यघटनेतच लिहिलं की न जन्मलेल्याचा जगण्याचा हक्क आईइतकाच. ऑक्टोबर २०१२ मध्ये आपल्या बेळगावची सविता हलप्पनवार, स्वतः डेंटिस्ट, एकतीस वर्षांची, सतराव्या आठवड्यात गॉलवेच्या हॉस्पिटलात दाखल झाली. गर्भ वाचणार नाही हे कळून चुकलं होतं. तिने गर्भपात मागितला. ठोके चालू आहेत म्हणून डॉक्टर थांबले, आणि त्या थांबण्यात सेप्सिस झाला, जंतुसंसर्ग रक्तात पसरला. ती गेली. २०१८ च्या सार्वमतात ६६ टक्क्यांहून जास्त मतांनी ते कलम गेलं. आपल्या गर्भपाताच्या कायद्यात (एमटीपी कायदा) कलम ५ आहे: बाईचा जीव वाचवायला तातडीने गरज असेल तर आठवड्यांची मर्यादा नाही, एका डॉक्टरचं मत पुरतं. हे कलम पाठ ठेव. रात्री दोन वाजता पुस्तक उघडायला वेळ नसतो.

आपला कायदा असल्या वादातून आलाच नाही. बाया गर्भ पाडायला कुणाकुणाकडून काड्या घालून घेत आणि वॉर्डात येऊन मरत. १९६४ साली शांतिलाल शाह समिती नेमली गेली, १९७१ साली कायदा झाला. म्हणून तो मुळात बाईला हक्क देत नाही, डॉक्टरला संरक्षण देतो. २०२१ च्या दुरुस्तीने काही गटांसाठी मर्यादा २० वरून २४ आठवड्यांवर गेली आणि ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ याच्या जागी ‘कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार’ आलं. २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने २० ते २४ आठवड्यांतही अविवाहितेला वगळता येणार नाही असं सांगितलं. तरी तुझं मत कागदावर नसेल तर तोच गर्भपात भारतीय न्याय संहितेच्या कलम ८८ खाली गुन्हा. बाईच्या पोटाबद्दल शेवटचा शब्द अजून डॉक्टरचा, हे मला पटत नाही. पण तो तुझ्याकडे आहे तोवर ‘पुढच्या सोमवारी या’ म्हणताना आठवडे मोज. नवव्या आठवड्यापर्यंत गोळ्यांवर होतं, बाराव्यापर्यंत एमव्हीए (हातपंपाने गर्भाशय रिकामं करणं), पुढे सगळंच अवघड. तुला जमत नसेल तर पहिल्याच भेटीत तसं सांग आणि सहकाऱ्याकडे पाठव. मनाशी झगडायचं ते तिचे दिवस न खाता.

ओपीडीत काय करायचं ते आता. बाई येते ती एकटी येत नाही. तू पाळीची तारीख विचारतेस, सासू सांगते. मुलं किती, सासू सांगते. ‘खाली करायचंय,’ हेही सासूच. तेव्हा सासूबाईंना केसपेपर काढायला पाठवायचं. तिथे रांग असते, वेळ मिळतो. दार लोटायचं, स्टूल तिच्या जवळ ओढायचं आणि विचारायचं, ‘तुला काय करायचंय?’ कधी बाई नुसती बघत राहते. कधी म्हणते, ‘ठेवायचंय मला.’ ती नको म्हणत असताना रिकामी केलेली पिशवी आणि नको म्हणत असताना वाढवलेलं पोट, दोन्ही एकाच जातीची जबरदस्ती. म्हणून फॉर्म सी, म्हणजे तिच्या संमतीचा कागद, वाचून दाखवल्याशिवाय अंगठा घेऊ नकोस. आणि नवऱ्याची सही! अठरा पूर्ण झालेल्या, मानसिक आजार नसलेल्या बाईला कायद्याने फक्त तिची स्वतःची संमती लागते. तरी क्लार्कपासून भूलतज्ज्ञापर्यंत सगळे विचारतील, ‘मिस्टर कुठेत?’ तू ठाम राहा.

आता जिथे माझीही गाडी अडते तिथे येते. बाईच्या निर्णयाचा मान ठेवायचा, तर ‘मुलगी नको’ हाही निर्णयच की! महाराष्ट्रात ० ते ६ वयोगटात हजार मुलांमागे मुली १९९१ मध्ये ९४६ होत्या, २००१ मध्ये ९१३, २०११ मध्ये ८९४. बीडमध्ये ८०७. २०१७ साली मिरज तालुक्यात म्हैसाळच्या ओढ्याकाठी १९ भ्रूण पुरलेले सापडले. हे करणारे आपल्याच पेशातले लोक. लाज वाटते, आणि ती वाटायलाच हवी.

पण कायदा कुठे बोट ठेवतो ते नीट बघ. लिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला, केंद्राचा १९९४ साली आला. ते सोनोग्राफीच्या मशीनला आणि मशीनवाल्याला धरतात. गर्भाचं लिंग सांगायचं नाही, खुणेने नाही, पेढे-जिलेबीच्या भाषेतही नाही. हे तुझ्या हातात आहे, तिथे तसूभर हलू नकोस. याच्या पुढे जाऊन दोन मुलींची आई गर्भपाताला आली की तिच्याकडे आरोपी म्हणून बघायचं, हे मात्र मला मान्य नाही. तिला तिसरं मूल झेपत नसेल, साधी गोष्ट. बीडमधली बेकायदा गर्भपातांची प्रकरणं उघडकीस आल्यावर औषध दुकानांवर धाडींचा इतका धाक बसला की दुकानदारांनी गर्भपाताच्या गोळ्या ठेवणंच बंद केलं. गोळ्या चालतात नवव्या आठवड्यापर्यंत, आणि सोनोग्राफीत लिंग कळायला बारा-तेरा आठवडे तरी जातात. मग वाचली कोण? कुणीच नाही. गावोगावी लिंगनिदानाविरुद्धच्या पाट्या लागल्या, आणि बायांना वाटायला लागलं की गर्भपातच बेकायदा आहे. तुझ्याकडे बाया उशिरा येतात त्यातल्या काही याच भीतीने थांबलेल्या असतात.

व्यंग असलेल्या गर्भाबद्दल विचारलंयस. २००८ साली मुंबईतलं एक जोडपं स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातारांसोबत उच्च न्यायालयात गेलं होतं. गर्भाच्या हृदयात दोष होता, तेव्हाची २० आठवड्यांची मर्यादा उलटली होती. कोर्टाने नकार दिला. आज गंभीर व्यंग असेल तर २४ च्या पुढेही वैद्यकीय मंडळ परवानगी देऊ शकतं. योग्य बदल. फक्त समुपदेशन करताना ‘असं मूल जन्माला घालून काय करणार’ हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नकोस. बाहेरच्या बाकावर तसंच मूल मांडीवर घेऊन एखादी आई बसलेली असते.

आणि २०२३ चं ते २६ आठवड्यांचं प्रकरण. दोन मुलांची आई, बाळंतपणानंतरच्या मानसिक आजारावर उपचार चालू. सर्वोच्च न्यायालयाने आधी गर्भपाताची परवानगी दिली. मग एम्सच्या डॉक्टरने ई-मेल केला: गर्भ जगू शकेल असा आहे, ठोके थांबवायचे का? न्यायमूर्ती कोहलींचं मन तयार होईना, न्यायमूर्ती नागरत्नांनी बाईचा निर्णय मानायला हवा असं म्हटलं. शेवटी तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या खंडपीठाने नकार दिला, २०२२ चा निकाल ज्यांनी लिहिला त्यांनीच. मी नागरत्नांच्या बाजूची. पण त्या डॉक्टरच्या ई-मेलला हसणार नाही, सिरिंज डॉक्टरच्या हातात होती.

एक राहिलंच. ‘तांबी बसवून घेतलीस तरच करते’ असली अट कुणालाही घालू नकोस, बाजूच्या टेबलावर घातली जात असेल तर बोल.

शेवटच्या ओळीत त्या सतरा वर्षांच्या मुलीचं लिहिलंस आणि ‘बघू, पुढच्या आठवड्यात बोलावलंय’ म्हणालीस. अठराच्या आत आहे, म्हणजे पालकाची लेखी संमती लागेल आणि पोक्सोखाली (मुलांच्या लैंगिक अत्याचारापासून संरक्षणाचा कायदा) पोलिसांना कळवावं लागेल. पण तिने आणि पालकांनी विनंती केली तर तिचं नाव-गाव न सांगता कळवता येतं, २०२२ च्याच निकालात ते आहे. हे तिच्या आईला बसवून सांग, नाहीतर पोलिसांचं नाव ऐकून त्या परत फिरतील. सोळावा आठवडा म्हणतेस. तुमच्या दवाखान्याला बारा आठवड्यांच्या पुढची मान्यता नसेल. मग पुढचा आठवडा कसला? जिल्हा रुग्णालयात आज फोन लाव आणि संध्याकाळी मला कळव.

तुझी,
मॅडम