गावात संशोधन करायचंय, पण लोकांचा खरा सहभाग कसा मिळवायचा?

तुम्ही लिहिलंय की भूजलावर प्रबंध करताय, दोनशे कुटुंबांसाठी प्रश्नावली तयार आहे आणि गाईड म्हणतात त्यात 'लोकसहभाग' दिसला पाहिजे. मी संशोधक नाही, शेतकरी आहे. आमच्या गावातल्या विहिरींची पातळी चार वर्षं मोजलीय, तेव्हा टेप धरणाऱ्याच्या बाजूने सांगतो.

आमच्याकडे पहिल्यांदा एक संस्था आली, तीही प्रश्नावली घेऊनच. "बोअर किती?" माझ्या चुलत्यांनी सांगितलं, एक. होते तीन. कागद घेऊन आलेला माणूस अनुदान द्यायला आलाय की कारवाई करायला, हे कळेपर्यंत कुणीही सावधच बोलणार. त्यांचा अहवाल झाला असेल; गावात काही आला नाही.

नंतर ज्या ताई आल्या त्यांनी प्रश्न कमी विचारले आणि टेप आमच्या हातात दिली. चौदा विहिरी निवडल्या. प्रत्येकीच्या कठड्यावर लाल ऑइल पेंटची खूण, दर वेळी तिथूनच टेप सोडायची. दर गुरुवारी सकाळी सातला. दीडेक महिन्यात आकडे वेड्यासारखे दिसायला लागले: एका गुरुवारी पाणी खाली, पुढच्या गुरुवारी वर, पुन्हा खाली. मधे पावसाचा थेंब नाही. ताईंना वाटलं पोरं घरी बसून वही भरतायत. (एकाने एकदा भरली होती, खोटं कशाला बोलू.) शेवटी आमच्यातलाच एकजण म्हणाला, "मॅडम, त्या आठवड्यात थ्री फेज रात्रीची होती ना!"

शेतीची लाइट आमच्याकडे एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीची असली की मोटारी पहाटेपर्यंत चालतात, मग सकाळी सातला विहीर उपसलेलीच असणार. तेव्हापासून रात्रीच्या लाइटीच्या आठवड्यात संध्याकाळी, मोटारी सुरू व्हायच्या आधी मोजायला लागलो आणि आकडे सरळ झाले. लोकसहभाग मी तरी यालाच म्हणेन. तुमच्या दोनशे घरांच्या प्रश्नावलीत लाइटीचा रकाना आहे का?

मग गावातल्या पाण्याचा ताळेबंद, म्हणजे पाणी किती आलं आणि किती वापरलं याचा हिशोब, फळ्यावर मांडला. एक हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10,000 लिटर पाणी, एवढं एक गणित शिकलं की बाकीचं पारावर बसून होतं. हिवरे बाजारात दरवर्षी असा हिशोब मांडून पिकं ठरवतात, शेतीसाठी बोअर घ्यायला तिथे बंदी आहे. आमच्याकडे तेवढं जमलं नाही. ऊसवाल्यांनी फळा वाचला आणि ऊस लावला. तिघा-चौघांनी गव्हाऐवजी हरभरा केला, तेवढंच.

जमलं तर गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाबद्दल वाचा. तिथे अभ्यासगट आहेत; गावकरी आणि बाहेरचे एकत्र बसून विषय समजून घेतात, निर्णय मात्र ग्रामसभा घेते, तोही सर्वसहमतीने. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला, त्यामागे हा अभ्यास होता.

बैठक सकाळी अकराला ठेवू नका, रोज बुडवून कोण येणार? जेवणं झाल्यावर ठेवा. तरी बायका येतीलच असं नाही, त्यासाठी हातपंपावर जाऊन उभं राहावं लागतं. वहीची एक प्रत गावात राहू द्या. प्रश्नावली आधी महिनाभर पिशवीतच ठेवा.

आमची मोठी चूकही सांगतो. चौदाच्या चौदा विहिरी जमीनवाल्यांच्या. दुसऱ्या वर्षी फळ्यासमोर दलित वस्तीतल्या एका आजींनी विचारलं, "आमची हीर कुठाय रं यात?" कुणाकडे उत्तर नव्हतं. पंधरावी खूण तिथे केली. तिच्या नोंदी आल्यावर कळलं, गावात सगळ्यात आधी तीच आटते, फेब्रुवारीतच.