गेजवरचा काटा बोर्डचं सांगत नाही

प्रिय पोरी,

तुझा मेसेज काल रात्री वाचला. गोकुळ शिरगावला लागलीस, त्यात पण हीटसिंकच्या प्रेसवर (बोर्डवरच्या तापणाऱ्या पार्टची उष्णता बाहेर काढणारा अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा हवेच्या जोरानं दाबून बसवणारं मशीन), लई बरं वाटलं. तू विचारलंस की काका प्रेशर किती ठेवू, सुपरवायझर म्हणतात ४ बार ठेव आणि शेजारची जुनी ताई म्हणते ५ शिवाय हीटसिंकखालची थर्मल पेस्ट पसरत नाही. हे चॅटवर दोन ओळीत सांगण्यासारखं नाही म्हणून सविस्तर लिहितोय, निवांत वाच.

पहिली गोष्ट, गेजवर दिसतं ते हवेचं प्रेशर, बोर्डवर पडतो तो जोर वेगळा. प्रेसचा सिलिंडर आतून ५० एमएम व्यासाचा असेल तर पिस्टनचं क्षेत्रफळ १९.६ चौरस सेंटिमीटर येतं, आणि १ बार म्हणजे ढोबळमानानं चौरस सेंटिमीटरला १ किलो धर, म्हणजे ४ बारला झाले ८० किलो. तोच सिलिंडर ६३चा असला तर क्षेत्रफळ ३१ आणि त्याच ४ बारला जवळपास सव्वाशे किलो. काटा मात्र दोन्हीकडं ४ वरच. उद्या गेल्या गेल्या सिलिंडरवर बोअर, म्हणजे आतला व्यास, किती लिहिलाय ते बघ आणि वहीत लिहून ठेव.

मी यात पोळलोय म्हणून एवढं सांगतोय. मी ज्या कंपनीत होतो तिथं शेतीपंपाच्या कंट्रोलरचे बोर्ड व्हायचे, हीटसिंक चार पुश पिननी (बोर्डच्या भोकात दाबून अडकवायच्या पिना) बसायचा. एकदा सिलिंडरचं सील गेलं, ५०चा मिळेना, माल तर पाठवायचा होता, मग मेंटेनन्सवाल्यांनी उद्यमनगरातनं एक अ‍ॅडाप्टर प्लेट मारून आणली आणि ६३चा चढवला. प्रेस चालू झाला, काटा ४ वर, सगळे खूश, आणि लाइन माझ्याकडं असून मी काही विचारलं नाही. बोर्ड टेस्टिंगला पास झाले, सगळेच्या सगळे. दोन-अडीच महिन्यांनी परत यायला लागले, ऐन एप्रिलात, ऊस पाण्यावाचून उभा आणि पंप बंद. शिरोळकडचा एक शेतकरी स्वतः बोर्ड घेऊन गेटवर आला होता, भांडला नाही, फक्त म्हणाला साहेब रात्रीची लाइट आठ तास येते, त्यात हा बंद पडला तर मी काय करू. ते अजून डोक्यातनं जात नाही.

आम्ही परत आलेल्या एका बोर्डवरचा एक कपॅसिटर, म्हणजे छोटा सिरॅमिकचा पार्ट, काढून, आडवा कापून, पॉलिश करून मायक्रोस्कोपखाली धरला. सोल्डरच्या कडेपासून तिरकी वर गेलेली केसासारखी चीर. बोर्ड वाकला की सिरॅमिक कपॅसिटर अशीच चीर धरतो, त्याला वाकणं जमतच नाही. वरनं काहीच दिसत नाही, त्या दिवशी काम पण करतो, मग हळूहळू चिरेत दमट हवा जाते, करंट गळायला लागतो आणि एक दिवस शॉर्ट. म्हणून आपल्या कामात टेस्टिंग पास झालं याच्यावर भरवसा ठेवू नको.

आता खरी गोष्ट. जोर किती यापेक्षा बोर्डला खालून आधार कुठं आहे हे जास्त महत्त्वाचं. १.६ एमएमचा बोर्ड नुसता चार कोपऱ्यांवर टेकवून मधे ८० किलो दिलेस तर तो वाकणारच, पण पुश पिनच्या भोकांच्या अगदी जवळ सपोर्ट पिना असतील तर तोच जोर सरळ फिक्स्चरमधे, म्हणजे बोर्ड ठेवायच्या साच्यात, उतरतो आणि बोर्डला कळत पण नाही. शिफ्टच्या सुरुवातीला फिक्स्चरच्या पिना बोटानं चाचपून बघ, एखादी झिजलेली, सैल किंवा गायब असते. बोर्डच्या खालच्या बाजूला उंच पार्ट असेल तर त्याच्यासाठी फिक्स्चरला खाच आहे का ते पण बघ.

ताईचं म्हणणं चुकीचं नाहीये हां, तिला उलटं बोलू नको. पेस्ट पसरत नाही हे तिनं डोळ्यानं बघितलंय, उपाय फक्त वेगळा आहे. पेस्ट घट्ट असते, तिला पसरायला वेळ लागतो, डिसेंबरात सकाळी तर अजूनच. त्यात सिलिंडरच्या बाहेर जाणाऱ्या हवेवर फ्लो कंट्रोल, म्हणजे हवा हळू सोडणारा व्हॉल्व्ह, असतो, त्यामुळं रॅम (खाली येऊन दाबणारा दांडा) खाली टेकला तरी दुसऱ्या बाजूची हवा संपेपर्यंत पूर्ण जोर येतच नाही. तेव्हा प्रेशर चढवण्याआधी सुपरवायझरना विचारून दाबून धरायचा वेळ दोन-तीन सेकंद वाढवून बघ. मग एक हीटसिंक उचकटून पेस्ट बघ, पातळ एकसारखा थर पाहिजे, मधे टक्कल नको. भाकरी तव्याला जिथं टेकत नाही तिथं कच्ची राहते ना, तसंच, जिथं हवा राहिली तिथनं उष्णता जात नाही, कारण अ‍ॅल्युमिनियमच्या मानानं हवा उष्णता हजारो पटीनं कमी नेते. पण जाड थर पण नको, पेस्ट फक्त खाचा भरायला असते.

सकाळचा पहिला स्ट्रोक कधीच बोर्डवर मारू नको. रात्री लाइनमधली हवा सोडलेली असते, बाहेर जायला हवाच नसली की फ्लो कंट्रोल अडवणार कशाला, रॅम धाडकन खाली येतो. दोन-तीन रिकामे स्ट्रोक मार, मग बोर्ड ठेव. रेग्युलेटर, म्हणजे प्रेशर कमी-जास्त करायचा नॉब, सेट करताना आधी खाली आण आणि मग हळूहळू वर चढव, वरून खाली आणत सेट केलास तर प्रेशर नीट बसत नाही. पावसाळ्यात आपल्याकडं हवेत पाणीच असतं, फिल्टरची वाटी रोज ड्रेन कर. आणि लाइनला ऑइलर (हवेत तेल सोडणारा) असेल तर विचार की तो कशाला आहे, तेलाची वाफ हीटसिंकवर बसली की थर्मल टेप धरत नाही.

रिस्ट स्ट्रॅप (अंगातली स्टॅटिक वीज बोर्डला लागू नये म्हणून मनगटाला बांधायचा पट्टा) घालतच असशील. दोन्ही हातांनी एकदम दाबायच्या स्विचमधला एक कुणी टेप लावून दाबून ठेवला असेल तर त्या मशीनवर बसूच नको, माझं नाव सांग, टार्गेट गेलं तरी चालेल. बोटं परत येत नाहीत.

माझ्याकडं एक छोटा लोडसेल आहे, रॅमखाली ठेवला की खरे किलो दाखवतो. सुपरवायझरना विचारून ठेव, हो म्हणाले तर पुढच्या सुट्टीच्या दिवशी घेऊन येतो, ४ आणि ५ दोन्हीला मोजू, ताईला पण थांबायला सांग.

तुझा काका