बक्षिसं मागायची तर कुणाकडे?

प्रश्न: ताई, नमस्कार. मी इंदूरला सुपर कॉरिडॉरवरच्या एका कंपनीत एचआरमध्ये आहे. आमचं पार्किंग रोज फुल असतं म्हणून बस, मेट्रो, सायकल नाहीतर कारपूलनं येणाऱ्यांना बक्षिसं द्यायची असं ठरलंय, पण साहेब म्हणतात बजेट नाही, बाहेरून मिळतात का बघ. दुकानदारांकडे मागायला फार संकोच वाटतो. सुरुवात कुठून करू?

उत्तर: संकोच अजिबात नको, तुम्ही स्वतःसाठी थोडंच मागताय. आधी एवढंच बघा की तुमची माणसं गाडी घरी ठेवून आली तर कुणाचं गिऱ्हाईक वाढेल. सायकलवाला, बस स्टॉपजवळचा पोहे-जलेबीवाला, छत्र्या-रेनकोट विकणारा, पहिले यांच्याकडेच जा. मोठ्या ब्रँडच्या शोरूममध्ये मॅनेजरच्या हातात काही नसतं, तुमचं पत्र हेड ऑफिसला जातं आणि तिथेच राहतं, उलट राजवाड्याकडच्या दुकानात मालक स्वतः गल्ल्यावर बसलेला असतो, तो तिथल्या तिथे हो किंवा नाही सांगतो. दुपारी जा, आणि दिवाळीच्या तोंडावर तर मुळीच नको.

मागताना छोटं आणि नेमकं मागा. "काहीतरी द्या" म्हटलं की माणूस टाळतो, "एक फ्री सर्व्हिसिंगचं कूपन द्या" किंवा "अर्धा किलो शेवेची चार पाकिटं द्या" म्हटलं की त्याला हिशोब कळतो. कूपन तर दुकानदाराला परवडतंच, कारण माणूस ते घेऊन त्याच्याच दुकानात येतो. लेटरहेडवर एक पानाचं पत्र न्या, त्यात किती लोक, ड्रॉ कधी, दुकानाचं नाव कुठे लावणार हे लिहा, आणि वस्तू मिळाली की पोच द्या. कुणी दानावरच्या करसवलतीची, म्हणजे 80जी ची पावती मागितली तर सरळ नाही सांगा, कंपनी म्हणजे काही ट्रस्ट नाही, आणि वस्तूरूपात दिलेल्या दानाला ती सवलत तशीही नसते.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगते, ज्या सप्लायरची बिलं तुमच्या कंपनीत अडकलीयेत त्याच्याकडे मागू नका, तो बिचारा नाही म्हणूच शकत नाही.

आणि साहेबांनाही सोडू नका हं! एक दिवस घरून काम, कारपूलच्या गाडीला गेटजवळची जागा, याला बजेट लागत नाही आणि लोकांना हेच जास्त हवं असतं.

एकच मोठं बक्षीस ठेवू नका, दर आठवड्याला छोटे ड्रॉ काढा, जितके दिवस बसनं आलात तितक्या चिठ्ठ्या. जे आधीपासून बसनंच येतात त्यांनाही धरा, नाहीतर ते दुखावतील आणि ते बरोबरच आहे. मेट्रो 31 मे 2025 ला सुरू झाली ती गांधीनगर ते सुपर कॉरिडॉर एवढ्याच पट्ट्यात, त्यामुळे लांबून येणाऱ्याला आधी बस धरावी लागली तर त्याचाही तो दिवस पूर्ण मोजा. रात्रीच्या शिफ्टच्या मुलींना स्कूटी सोडून या असं म्हणूच नका, दोघी एका गाडीवर आल्या तरी दोघींच्या चिठ्ठ्या टाका.