माथेरान, सत्तरीची आई आणि दस्तुरी नाका

‘वर सगळी सोय आहे, तुम्ही फक्त या.’ आईंना माथेरानला न्यायच्या आधी तुम्ही चौकशी केलीत, तेव्हा फोनवर मिळालेलं हे उत्तर वाचून आधी हसलो, मग डोकं फिरलं. काही वर्षांपूर्वी वडिलांना घेऊन जायच्या आधी मीही एका कार्यालयात फोन केला होता. कुठलं ते सांगत नाही. मलाही हेच वाक्य ऐकवलं होतं.

नेरळ, टॅक्सी, हॉटेलं यात शिरत नाही, ते तुम्ही बघालच. तुमचा प्रश्न एवढाच आहे की सत्तरीच्या, गुडघे दुखणाऱ्या आईला जंगलातून चालवायचं तर सोपी वाट कुठली. तर बाजारातून शार्लोट तलाव, तिथलं पिसारनाथाचं देऊळ आणि जमलं तर पुढे एको पॉइंट. तांबड्या मातीचा रस्ता, डोक्यावर दाट सावली, चढउतार बेताचा. आईंना कंटाळा आला तर तलावाशी बसवा, बाकीचे पुढे जाऊन या. पॅनोरमा पॉइंटचं नाव कुणी काढलं तर साफ नाही म्हणा. सूर्योदय सुंदर असतो, पण तो दुसऱ्या टोकाला आहे.

अडचण या वाटेवर नाहीच, तिच्या आधी आहे. माथेरानात मोटारींना बंदी, म्हणून गाडी गावाबाहेर दस्तुरी नाक्यावर सोडावी लागते आणि तिथून बाजार साधारण अडीच किलोमीटर. आपण ते अंतर धरतच नाही, कारण आपल्या मनात फिरणं बाजारापासून सुरू होतं. गुडघ्यांच्या मनात ते नाक्यावरच सुरू झालेलं असतं.

आम्ही शनिवारी दुपारी पोचलो. नाक्याजवळच्या अमन लॉज स्टेशनहून गावात जाणारी मिनी ट्रेनची शटल नुकतीच गेली होती. ‘आज पुढची नाही’ असं एकाने ठामपणे सांगितलं, आम्ही तिकीट खिडकीकडे वळेपर्यंत दुसऱ्याने घोडा पुढे केला. तेव्हा ई-रिक्षा नव्हत्या. हातरिक्षा होती, पण वडील म्हणाले, ‘माणसाने ओढायची गाडी मला नको.’ (२०२५च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं, तेव्हा मला वडिलांचीच आठवण आली.) मग चालले. बाजारात चपलांच्या दुकानाबाहेर बसले ते बराच वेळ उठलेच नाहीत. सकाळी गुडघा टम्म. तलाव आम्ही पाहिला, ते खोलीच्या व्हरांड्यात माकडं बघत बसले.

मी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं हो, की वय अमुक आहे, गुडघ्याचा त्रास आहे, अँजिओप्लास्टी झालेली आहे. समोरच्याने ‘नाक्यापासून एवढं चालावं लागेल, शटलच्या वेळा या, शनिवारी गर्दी असते’ एवढं बोलायला किती वेळ लागला असता? परत आल्यावर त्या कार्यालयात मुद्दाम गेलो. ‘लेखी द्या’ म्हणाले. दिलं, पोचेचा शिक्का घेतला. तो कागद अजून आहे, उत्तर नाही. असो.

म्हणून माझं मत, पटलं तर घ्या: ‘सोय आहे का?’ असं कुणालाच विचारू नका, हो म्हणणं सगळ्यांना सोपं जातं. शटल किती वाजता, तिकीट कधीपासून देतात, परतीची शेवटची कुठली, हे विचारा. आणि नाक्यावर कुणी काहीही सांगो, खिडकीवरच्या माणसाचंच खरं धरा. ई-रिक्षा आता आहेत, पण मोजक्या, त्या भरवशावर राहू नका. घोडेवाले सगळेच फसवतात असं अजिबात म्हणत नाही, पोट त्यावर आहे त्यांचं. पण दुखऱ्या गुडघ्यांनी घोड्यावर चढणं-उतरणं हा वेगळाच ताप.

चालावंच लागलं तर रुळांच्या कडेची वाट सगळ्यात सपाट. बरेच लोक जातात. तिथून चालायला परवानगी आहे असा अर्थ काढू नका, आणि गाडी आली की लांब उभे राहा. मुख्य रस्त्यावरच्या पेव्हर ब्लॉकवरून बरेच वाद झालेत. मी त्यात पडत नाही, पण गुडघ्याला मातीच बरी.

मी डॉक्टर नाही, माथेरानचा रहिवासीही नाही. आईंच्या डॉक्टरांना विचारून घ्या. पोचल्या दिवशी मात्र काहीच फिरू नका, जेवून झोपा. तलावाकडे दुसऱ्या दिवशी सकाळी निघा, डे-ट्रिपवाले चढायच्या आत. खाऊची प्लास्टिक पिशवी हातात दिसली की माकडं ती नेतातच, पाठीवरच्या बॅगेत टाका. नवे बूट नकोत. काही पॉइंटांना कठडा नाही, मुलांचा हात सोडू नका. चिक्की परतताना घ्या, उगाच ओझं.

कुठल्या महिन्यात जाताय ते लिहिलं नाहीत. पावसाळ्यात नेरळहून वर येणारी मिनी ट्रेन बंद असते, शटल तेवढी चालते, आणि ती तांबडी माती भयंकर निसरडी होते. जुलै-ऑगस्ट असेल तर आईंना घेऊन नकोच, दिवाळीनंतर जा.